गाडी गरम झाल्यावरच का बंद पडते? एका सेन्सरच्या शोधाची नोंद



आज नोंद धानाची नाही, गाडीची आहे. २०२४ च्या खरिपात, म्हणजे जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत, आमची डिझेल गाडी चालता चालता बंद पडायची आणि अर्ध्या तासानं काही झालंच नाही अशी चालू व्हायची. शेवटी दोष निघाला तो अंगठ्याएवढ्या एका सेन्सरचा. तो कसा सापडला हे सविस्तर लिहून ठेवतो, कारण आमच्या सिंदेवाही-मूल पट्ट्यात अशा जुन्या गाड्या गावोगावी आहेत आणि त्या बंद पडल्या की पहिला संशय पंप-इंजेक्टरवरच जातो. ट्रॅक्टरवाल्यांनीही वाचावं. ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरला १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ लागू झालं, आणि त्यासोबत कॉमन रेल, कॉम्प्युटर, सेन्सर हे सगळं ट्रॅक्टरमध्येही आलं. म्हणजे हे दुखणं आता बांधीतही उतरणार.

गाडी २०१४ ची, सात सीटर, कॉमन रेल डिझेल. कंपनीचं नाव लिहीत नाही. हा सेन्सर सगळ्याच कंपन्यांच्या गाड्यांत असतो आणि कोणाचाही जाऊ शकतो.

आधी लक्षण सांगतो. चालत्या गाडीत इंजिन एकदम गप. धक्का नाही, मिसिंग नाही, धूर नाही. चावी फिरवून बंद केल्यासारखं. मीटरवर बॅटरीचा आणि ऑइलचा दिवा लागायचा, स्टेअरिंग जड व्हायचं. सेल्फ मारला तर सेल्फ जोरात फिरायचा, पण इंजिन पकडायचं नाही. वीस-तीस मिनिटं थांबलं की पहिल्या सेल्फला चालू. मग पुढे पन्नास किलोमीटर न्या, काही नाही.

आमच्या मिस्त्रीनं पहिल्यांदा सांगितलं, "भाऊ, डिझेलमंधी कचरा हाये." फिल्टर बदलला. आठ दिवसांनी परत तेच. मग टाकी उतरवून धुतली. टाकीत चिमूटभर गाळ निघाला, तो त्यानं मला हातावर घेऊन दाखवला, आणि दोघांनाही वाटलं की झालं काम. दहाव्या दिवशी गाडी व्याहाडजवळ उभी. तिथून टोचन लावून आणली.

दुसऱ्या, मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी स्कॅनर लावला, कोड काही निघाला नाही. चालवून पाहिली, गाडी मस्त चालली. दोन दिवस ठेवून घेतली आणि अंदाजपत्रक दिलं: हाय प्रेशर पंप, चारही इंजेक्टर, मजुरी धरून ६२ हजार. "पंप म्हातारा झाला जी, गरम झाला की दाब नाई देत," असं कारण सांगितलं. कारण ऐकायला बरोबर वाटतं, आणि पंप खरंच असा वागू शकतो. पण २०२४-२५ ला साध्या धानाचा हमीभाव होता २३०० रुपये क्विंटल. ६२ हजार म्हणजे २७ क्विंटल धान. माझ्या दोन एकरांचं पूर्ण पीक, तेही रोवणी-कापणीचा खर्च न धरता. एवढे पैसे "असेल" या शब्दावर टाकायची माझी तयारी नव्हती. गाडी घरी आणली.

मिस्त्रीला मी नावं ठेवत नाही. त्याच्यासमोर गाडी कधी बंद पडलीच नाही. ताप उतरलेला पेशंट दवाखान्यात नेला तर डॉक्टर तरी काय पाहील? असा येऊन-जाऊन असणारा दोष तो असतानाच पकडावा लागतो, आणि तो असतो तेव्हा गाडी जंगलात आणि मिस्त्री गावात.

म्हणून फवारणीची वही ठेवतो तशी गाडीची वही सुरू केली. प्रत्येक वेळी सहा गोष्टी लिहायच्या. तारीख आणि वेळ. त्याआधी गाडी किती चालली. मध्ये कुठे थांबली का, किती वेळ. बंद पडली तेव्हा वेग किती होता. टाकीत डिझेल किती. परत चालू व्हायला किती मिनिटं लागली. घरच्यांना हे वेडेपण वाटलं. बायको म्हणाली, "गाडी दुरुस्त करा म्हटलं तर तिची कुंडली लिहून राहिले."

सप्टेंबरअखेर अकरा नोंदी झाल्या. त्या एका पानावर मांडल्या तर चित्र दिसायला लागलं. अकरापैकी आठ वेळा गाडी लांब चालून आल्यावर दहा-वीस मिनिटं उभी होती (चहा, खताचं दुकान, रेल्वे फाटक), परत चालू केली आणि पाच-दहा मिनिटांत बंद पडली. तीन वेळा कच्च्या रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळताना. सकाळी निघाल्यावर पहिल्या पाऊण तासात एकदाही नाही. डांबरी रस्त्यावर साठच्या वेगानं सरळ चालताना एकदाही नाही. डिझेल भरलेलं असो की तळाला, फरक नाही. पाऊस असो की ऊन, फरक नाही.

आता विचार करा. डिझेल कमी पडत असेल तर गाडी कधी मार खाईल? जेव्हा जास्त डिझेल लागतं तेव्हा, म्हणजे चढावर, भरलेल्या गाडीत, वेगात. आमची गाडी अजयपूर-चिचपल्लीच्या रस्त्यानं सात माणसं घेऊन चंद्रपूरला जायची तेव्हा ठणठणीत, आणि रिकामी गाडी धुऱ्याशेजारून रेंगाळताना बंद पडायची. हे डिझेलच्या भुकेचं लक्षण नव्हे. हे उष्णतेचं लक्षण आहे. गाडी वेगात असते तेव्हा बोनेटमध्ये वारा खेळतो. रेंगाळताना वारा नाही. आणि गरम गाडी बंद करून उभी केली की पहिली दहा-पंधरा मिनिटं बोनेटच्या आतली हवा उलट जास्त तापते, कारण पंखा बंद, पाणी फिरणं बंद, आणि लोखंडाची सगळी धग बाहेर येत असते. विटांच्या भट्टीचा जाळ थांबवला तरी जवळ उभं राहवत नाही, तसंच.

शेतात आपण हेच करतो. बांधीत धान पिवळं पडलं की शेजारी म्हणतो युरिया टाक. पण आधी पाहायचं असतं की पिवळं कुठलं पान आहे. जुनी पानं सारखी पिवळी पडत असतील तर नत्र कमी. नवी पानं पिवळी-पांढुरकी असतील तर लोहाकडे बघा. रोवणीनंतर दोन-चार आठवड्यांत जुन्या पानांवर गंजासारखे तांबूस ठिपके येत असतील आणि वाढ खुंटली असेल, तर जस्त. या शेवटच्याला खैरा म्हणतात, आणि तो रोग नसून जस्ताची कमतरता आहे हे पंतनगरच्या विद्यापीठात डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६०च्या दशकात दाखवून दिलं. नेने हे वनस्पतिरोगांचे माणूस, तरी त्यांनी रोगजंतूच शोधत बसण्याचा हट्ट धरला नाही. खैऱ्यावर बुरशीनाशक कितीही मारा, उपयोग शून्य. झिंक सल्फेट अर्धा टक्का आणि चुना पाव टक्का फवारला की बांधी हिरवी होते. पिवळेपणा एकच, कारणं चार. गाडी बंद पडण्याचंही तसंच असतं.

आता हे सगळं एवढं मनावर का घेतलं ते सांगतो. सप्टेंबरमधली एक रात्र. शेजारच्या घरातला अकरा वर्षांचा पोरगा खाली झोपला होता, त्याला मण्यार चावली. आमच्या गावात रात्री निघायला तयार असलेली गाडी म्हणजे आमचीच. पंचवीस मिनिटांत जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं लस सुरू झाली, पण पापण्या मिटायला लागल्या होत्या, श्वासाच्या मशीनची गरज पडू शकते म्हणून पुढे न्या म्हणाले. अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. आमची गाडी दारात उभीच होती, म्हणून सिस्टरला सोबत घेऊन आम्हीच निघालो.

वहीतली ओळ आठवा. लांब चालून आलेली गरम गाडी, मग पंधरा-वीस मिनिटं उभी. राजोलीच्या अलीकडे जंगलात इंजिन गप झालं. दोन्ही बाजूंना साग, समोर काळोख, मागच्या सीटवर पोराची आई त्याच्या छातीवर हात ठेवून बसलेली. "काहून थांबली गा गाडी?" एवढंच तिनं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. सात मिनिटांनी मागून भाजीपाल्याचा पिकअप आला. चालकानं कॅरेट तिथंच रस्त्याच्या कडेला उतरवले आणि पोराला, आईला, सिस्टरला घेऊन गेला. पोरगा वाचला. चार दिवसांनी घरी आला, आता शाळेत जातो. पण ती सात मिनिटं वहीत लिहिताना माझा हात जड झाला होता. अकरावी नोंद तीच. त्यानंतर दोष सापडेपर्यंत गाडीत पेशंट घेतला नाही.

आता सेन्सरकडे येतो. जुन्या डिझेल इंजिनात पंप इंजिनाच्या फिरण्याशी लोखंडानं जोडलेला असायचा, डिझेल कधी मारायचं ते दातेरी चाकं ठरवायची. कॉमन रेलमध्ये डिझेल एका जाड नळीत मोठ्या दाबानं भरून ठेवलेलं असतं आणि कुठला इंजेक्टर कोणत्या क्षणी उघडायचा हे कॉम्प्युटर ठरवतो. त्यासाठी त्याला कळायला हवं की क्रँक या क्षणी कुठे आहे. ते सांगतो क्रँक सेन्सर. फ्लायव्हीलजवळ दातांची एक चकती फिरते. पुष्कळ गाड्यांत तिच्यावर ६० दातांची जागा असते आणि त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे दात ५८. दर सहा अंशाला एक दात. गाळलेली जागा समोरून गेली की कॉम्प्युटरला खूण पटते आणि तो तिथून मोजायला लागतो.

आमच्या गाडीतला सेन्सर दोन तारांचा. आत एक चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी. दात समोरून गेला की गुंडाळीत थोडीशी वीज तयार होते, तोच इशारा. ही तार आत कुठे चिरली तर थंड असताना तिची टोकं एकमेकांना टेकून राहतात. गरम झाली की आजूबाजूचं प्लास्टिक प्रसरण पावतं, टोकं दूर जातात, इशारा बंद. कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन थांबलं. आणि थांबलेल्या इंजिनात डिझेल मारायचं नसतं, म्हणून तो इंजेक्टर बंद करतो. यात कॉम्प्युटरचं काही चुकत नाही. त्याला खोटी बातमी मिळाली एवढंच. काही गाड्यांत क्रँक सेन्सर गेला तरी कॅम सेन्सरच्या भरवशावर इंजिन कसंबसं चालतं, आमच्या गाडीत ती सोय नाही.

कोड का निघाला नाही, हाही प्रश्न होता. क्रँक सेन्सरच्या सर्किटचा कोड पी ०३३५ असतो. पण इशारा पूर्ण गेला की काही कॉम्प्युटर त्याला दोष न धरता "इंजिन बंद केलं" असंच समजतात. शिवाय काम करताना आधी बॅटरीची तार काढलेली होती, त्यानंही काही गाड्यांत साठवलेले कोड पुसले जातात. म्हणजे कोड नाही याचा अर्थ दोष नाही असा होत नाही. माती परीक्षणाच्या कागदावर जस्ताचा रकानाच नसेल तर जस्त पुरेसं आहे असं आपण म्हणत नाही.

नऊशे रुपयांचं ब्लूटूथ स्कॅनर मागवलं. एप्रिल २०१३ पासून आपल्याकडे चारचाकींना ओबीडी-२ सक्तीचं आहे, त्यामुळे २०१४ च्या गाडीत स्टेअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतंच. त्यात ते खोचायचं, मोबाईलमध्ये फुकटचं ॲप टाकायचं. स्वस्त स्कॅनर हळू असतं, म्हणून वीस गोष्टी एकदम पाहायच्या नाहीत. मी चारच निवडल्या: इंजिनाचे फेरे, गाडीचा वेग, रेलमधला दाब, पाण्याचं तापमान. ॲपमध्ये दाब किलोपास्कलमध्ये दिसतो, त्याला शंभरानं भागलं की बार. आमच्या गाडीत साध्या आयडलवर २८० बारच्या आसपास असायचा.

नोव्हेंबरात धान कापून पुंजणे लागले, रस्ते वाळले, तेव्हा एका दुपारी मुद्दाम गाडी बंद पाडायला निघालो. आयटीआयला शिकणारा पुतण्या मोबाईल धरून बाजूला. मूलपर्यंत जाऊन आलो, मग बोडीच्या पाळीजवळच्या कच्च्या रस्त्यावर एसी लावून पहिल्या गिअरमध्ये अर्धा तास फिरलो. बारा मिनिटं बंद करून उभी केली. परत चालू करून दुसऱ्या गिअरमध्ये काढली. चौथ्या मिनिटाला गप. पुतण्या ओरडला, "काकाजी, सापडला!" आयुष्यात गाडी बंद पडल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

ॲपनं साठवलेला आलेख झाडाखाली बसून पाहिला. इथं पाहायचं एकच: आधी काय पडलं? डिझेल कमी पडलं असतं तर आधी रेलचा दाब उतरला असता, मग इंजिन अडखळलं असतं, मग फेरे कमी झाले असते. आलेखात उलटं होतं. दाब २९० बार, जागच्या जागी. फेरे मात्र १४०० वरून एका झटक्यात शून्य. दाब त्यानंतरच्या चार-पाच रीडिंगमध्ये उतरला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्या क्षणी गाडीचा वेग १४ होता. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच सोडलेला, म्हणजे चाकंच इंजिन फिरवत होती. अशा वेळी इंजिनाचे फेरे शून्य असूच शकत नाहीत. सांगणारा खोटं सांगत होता. पाण्याचं तापमान ९३ दिसतच होतं, म्हणजे कॉम्प्युटर जिवंत होता, त्याचा करंट गेला नव्हता. सेल्फ मारून पाहिला. इंजिन फिरतंय हे कानाला कळत होतं, स्क्रीनवर फेरे शून्य. चांगल्या गाडीत सेल्फ मारताना तिथं दोनशेच्या आसपास आकडा दिसतो.

मग ओलं फडकं सेन्सरवर दाबून धरलं. पाणी ओतू नका, तापलेल्या लोखंडावर आणि टर्बोवर गार पाणी पडलं तर भलतंच होईल. तीन मिनिटांनी सेल्फ मारला, गाडी चालू. एरवी पंचवीस मिनिटं लागायची.

एवढ्यावरच नवा सेन्सर आणला असता तरी चाललं असतं. पण दोष सेन्सरमध्ये की त्याच्या वायरिंगमध्ये, हे राहिलंच होतं. धानाच्या घरी उंदीर असतातच, आणि उंदराला वायरीचं वेड. म्हणून गाडी थंड झाल्यावर कपलर काढला. पिनांवर हिरवा गंज नाही, चिखल नाही. मल्टिमीटर लावून कपलरपासून कॉम्प्युटरपर्यंतच्या दोन्ही तारा तपासल्या, तपासताना पुतण्या वायरिंग हलवत होता. तारा शाबूत. मग १० नंबरचा एकच बोल्ट काढून सेन्सर बाहेर घेतला. टोकाच्या चुंबकाला लोखंडी भुकटी चिकटलेली होती, ती पुसली.

थंड सेन्सरचा रेझिस्टन्स ८६० ओहम. एकदम निरोगी आकडा. इथंच गरम गाडीचा दोष थंड टेबलावर सुटून जातो. म्हणून चुलीवर पातेलं ठेवलं. फवारणीचे न वापरलेले हातमोजे घरात होते, त्यातल्या एकात सेन्सर घातला, तारा वरून बाहेर काढल्या आणि मोजा पाण्यात सोडला, म्हणजे सेन्सरला पाणी लागणार नाही. बाजूला थर्मामीटर. पाणी तापत गेलं तसा आकडा चढत गेला. हे चढणं बरोबर आहे, तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यानं वाढतो. ५० अंशांना ९३०, ८० अंशांना १०३० च्या जवळ. पाणी ८६ अंशांवर असताना आकडा थरथरला आणि मीटरवर ओएल आलं. म्हणजे तार तुटलेली. पातेलं खाली उतरवलं, पाणी ७० पर्यंत आलं, आकडा परत ९९० वर. पुन्हा तापवलं, पुन्हा ओएल. तीनदा केलं. बायको चहाचं पातेलं परत मागत होती.

चंद्रपूरच्या स्पेअरच्या दुकानातून नवा सेन्सर आणला, १८५० रुपये. बसवण्याआधी तोही त्याच मोज्यातून त्याच पाण्यात बुडवला. कृषी शाखेची माणसं हसतील, पण कंट्रोल प्लॉटशिवाय प्रयोगाला अर्थ नाही हे तुम्हीच आम्हाला शिकवलं. नवा सेन्सर थंड असताना ८७०, नव्वद अंशांवर १०७० च्या आसपास, आणि तिथंच थांबला. उकळी फुटली तरी ओएल नाही.

एक सावधगिरी लिहून ठेवतो. ही ओहमची चाचणी दोन तारांच्या सेन्सरची आहे. काही गाड्यांत तीन तारांचा, हॉल जातीचा सेन्सर असतो. त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, त्याला ओहमवर मोजून काही कळत नाही आणि उगाच मीटरचा करंट त्यात सोडूही नये. तिथं वर सांगितलेला आलेखच पाहायचा, आणि ओलं फडकं.

बसवताना सेन्सरच्या रबर रिंगला थोडं इंजिन ऑइल लावलं, बसण्याची जागा घासून साफ केली. तिथं मातीचा थर राहिला तर टोक आणि दातांमधलं अंतर वाढतं आणि इशारा कमजोर होतो. बसवताना आणखी एक दिसलं. टर्बोची धग अडवणारा पातळ पत्रा असतो, तो आमच्या गाडीत गंजून अर्धा झडलेला होता. आमच्या वेल्डरनं १५० रुपयांत तसाच पत्रा कापून लावून दिला. एकूण खर्च २९०० रुपये, त्यातलं ९०० चं स्कॅनर आता गावाचंच झालं आहे.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर काय करायचं, हे आपल्या भागात वेगळं सांगावं लागतं. ब्रेकची ताकद व्हॅक्यूमवर असते. इंजिन बंद झालं की साठलेल्या व्हॅक्यूममध्ये दोन-तीन दाब चांगले मिळतात, नंतर पेडल दगड होतं. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा पंप करायचा नाही, एकदाच दाबून धरायचा. क्लच लगेच दाबायचा नाही. गिअरमध्ये राहिली तर चाकं इंजिन फिरवत राहतात आणि व्हॅक्यूम थोडा टिकतो. स्टेअरिंग जड होतं पण वळतं, घाबरून चावी काढू नका, स्टेअरिंग लॉक होईल. आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यात अंधार पडल्यावर गाडी जंगलात थांबली तर खाली उतरून बोनेट उघडत बसू नका. काचा वर, पार्किंगचे दिवे चालू, आणि पंचवीस मिनिटं आत बसून राहा. दोष उष्णतेचाच असेल तर गाडी आपणच चालू होईल. नसेल तर मागून येणाऱ्याची वाट पाहा. आष्टीकडून आलापल्लीला जाणाऱ्यांनी तर संध्याकाळचा प्रवास अशा गाडीनं करूच नये. तिकडे नेटवर्क कुठे मिळेल याचा भरवसा नाही.

सेन्सर बदलल्याला आता उन्हाळा उलटला. उन्हाळ्यात चंद्रपुरात ऊन तापलेलं असताना मुद्दाम दुपारी गाडी काढली, बाजारात अर्धा तास उभी केली, परत चालू केली. वहीत बारा नंबरच्या पुढे काही लिहावं लागलं नाही. ज्या वर्कशॉपनं ६२ हजार सांगितले होते, तिथं आलेखाचा फोटो आणि ओहमचे आकडे नेऊन दाखवले. तिथला जुना मिस्त्री बराच वेळ मोबाईलकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "हा आलेख मले पाठव जी. अशीच एक गाडी मागं उभी हाये, तिचा पंप उद्या उतरवणार होतो."

जुना सेन्सर मी फेकला नव्हता. पुतण्या तो आयटीआयच्या पोरांना दाखवायला घेऊन गेला, हातमोज्यासकट. तिथं पातेलं कुठून आणलं ते मात्र त्यानं अजून सांगितलेलं नाही.